व्हॅनकाका

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका बाबांनी लेकीला शाळेच्या व्हॅनमधून काढलं. कारण रास्त होतं. व्हॅनकाका गाडी चालवताना फोनवर बोलतात, असं तिनं घरी येऊन सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबा शाळेच्या फाटकाशी थांबले आणि चार पालकांदेखत म्हणाले, "काका, मागे लोकांची लेकरं बसलेली असतात. त्यांच्यापेक्षा फोन मोठा आहे का?" काका मान खाली घालून ऐकत राहिले.

मग लेक बाबांच्या स्कूटरवर मागे बसू लागली. कंपनीत सकाळची पाळी सुरू व्हायची तेव्हाच यांची निघायची वेळ, त्यामुळे फोन वाजायचाच. बाबा तो हेल्मेट आणि गालाच्या फटीत खोचायचे. जेहान सर्कलला पोलीस दिसला की काढायचे, पुढे गेल्यावर पुन्हा खोचायचे. "हात मोकळे असतात ना माझे," असं बायकोला सांगायचे, आणि अगदी मनापासून सांगायचे. अडचण आहे ती इथेच. दुसऱ्याचा फोन आपल्याला बेपर्वाई वाटतो, आपला मात्र दोन मिनिटांचं काम. हात मोकळे असले तरी डोकं कंपनीत पोचलेलं असतं. ताशी 40 किलोमीटर वेगानं स्कूटर सेकंदाला 11 मीटर धावते. "माल निघाला का?" एवढं विचारून उत्तर ऐकेपर्यंत तीसेक मीटर रस्ता नुसता मागे पडलेला असतो.

तो रस्ता लेक बघायची. बाबांच्या बगलेखालून मान काढून सांगायची, "बाबा, स्पीडब्रेकर! बाबा, सायकलवाले आजोबा!" पोरगी किती चौकस, म्हणून बाबांना कौतुक वाटायचं.

एका रात्री जेवताना ती म्हणाली, "मला परत व्हॅननं जायचंय."

"त्या काकांच्या? विसरलीस का?"

"ते आता फोन जेवणाच्या डब्यात ठेवतात. स्टीलच्या. आणि डबा मागच्या सीटवर, दादालोकांकडे. तुम्ही रागावलात ना, तेव्हापासून."

"बरं, पण माझ्या गाडीवर काय वाईट आहे?"

"व्हॅनमध्ये मला रस्ता बघावा लागत नाही."

आईनं वाढता हात थांबवला. बाबांनी पुढचा घास घेतला नाही.

सकाळी पावणेसातला त्यांनी घरूनच काकांना फोन लावला. कुणी उचलला नाही. मग स्वतःचा फोन डिकीत टाकून ते लेकीला घेऊन निघाले. तो वाटेत दोनदा वाजला, पण त्यांनी गाडी थांबवली नाही.

फाटकाशी मुलं उतरवून काका डबा उघडत होते. "दादा, तुमचा फोन होता का? आत्ताच बघतोय."

"तिला जागा आहे का, विचारायचं होतं."

"आहे की. पण तिला विचारा आधी."

लेकीनं दप्तर खांद्यावर चढवलं. "आज बाबांचा फोन डिकीत होता," ती काकांना म्हणाली. "आठवडाभर बघते, मग सांगते."