दैवाच्या आधीची चार कारणे

कर्म कशाकशाने घडते, याची मांडणी गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे तिथे सांगितली आहेत. अधिष्ठान म्हणजे देह, असा अर्थ शंकराचार्य लावतात. दैवाचा क्रमांक शेवटचा, पाचवा आहे. अपघात झाला की मात्र लोक आधीची चार ओलांडून थेट दैवाशी येऊन थांबतात.

पुण्यातल्या कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा महामार्ग घ्यावा. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. त्या उतारावरच्या अपघातांनंतर कानावर पडतात ते दोनच शब्द: ब्रेक फेल. पण ब्रेक असे अचानक फेल होत नाहीत. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकली की इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पकड सुटते. त्याच्याही आधी रात्रभर स्टिअरिंगमागे आखडलेला देह असतो, जडावलेले डोळे असतात, वाचलेल्या लिटरांचा हिशेब असतो. एवढ्या सगळ्याला नशीब म्हणणे म्हणजे विचार अर्ध्यावर टाकणे होय, आणि त्यात धार्मिकताही नाही.

दैवाच्या आधीच्या या कारणांचा विचार करणारे, काम माणसाच्या देहाशी जुळवण्याचे शास्त्र म्हणजे एर्गोनॉमिक्स. हा शब्द पोलंडच्या यास्त्रशेंबोव्स्की यांनी 1857 मध्ये वापरला. पदवीनंतर या शास्त्राकडे वेगवेगळ्या दारांनी जाता येते. करणाचा, म्हणजे अवजाराचा आणि आसनाचा, विचार डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीत होतो. मुंबई आयआयटीचे औद्योगिक डिझाइन केंद्र 1969 पासून आहे. चेष्टा, म्हणजे हालचाल आणि तिला लागणारा वेळ, हा औद्योगिक अभियांत्रिकीचा प्रांत; पवईची 1963 सालची नीटी संस्था 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. देहाचे दुखणे ज्याला आधी समजून घ्यायचे आहे, त्याला कात्रजजवळच धनकवडीला भारती विद्यापीठात फिजिओथेरपी शिकता येते. सुरक्षा अधिकारी व्हायचे तर शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतील औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका ही जुनी, खात्रीची वाट आहे.

या पदविकेला मागणी आली ती कायद्यामुळे. कारखाना कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने कलम 40-ब आले आणि हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. घाट उतरणाऱ्या ट्रकची केबिन त्या कलमात कधी बसली नाही. तिथे कामगार एकटा असतो, फार तर सोबत क्लीनर.