पाठीमागचा समुद्र

समुद्रकाठच्या शहरात राहणारे कुटुंब वर्षातून एखाद्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून बाहेर पडते आणि सगळ्यांचे मिळून एक छायाचित्र काढून घेते. ते कोठे काढावे यावर घरात थोडी चर्चा होते. कोणी चौपाटी सुचवतो, कोणी गेटवे, कोणी वांद्र्याचे खडक. चर्चा चार वाक्यांत संपते आणि तिच्यात एखादा नैतिक प्रश्न दडला असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. तथापि जागा निवडणे म्हणजे आपल्या माणसांच्या पाठीशी काय दिसावे हे ठरवणे होय. आणि जो ते ठरवतो, तो त्या माणसांविषयी एक विधान करत असतो. हे विधान कितपत खरे असावे, आणि येथे खरेपणा कशाला म्हणावे, हा प्रश्न मुंबईसारख्या शहरात विशेष तीव्रतेने उभा राहतो.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर स्टुडिओने देऊन ठेवले होते. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पुढे शहरोशहरी स्टुडिओ निघाले आणि त्यांतून रंगवलेला पडदा आला. त्यावर कमानी असत, जिने असत, बाग आणि तळे असे. भाड्याच्या खोलीत राहणारा गृहस्थ त्या चितारलेल्या महालासमोर ताठ बसे. त्याला कोणी खोटारडा म्हटले नाही, कारण पडदा हा पडदाच आहे हे सर्वांना ठाऊक होते. उघडपणे मांडलेली कल्पना असत्य ठरत नाही. कॅमेरा हलका झाला, कुटुंब उघड्यावर आले, आणि पडद्याचे काम खऱ्या जागेकडे गेले. प्रश्न निर्माण झाला तो येथे. खरी जागा कोणाची तरी असते. तिला इतिहास असतो, रहिवासी असतात.

पहिला आक्षेप दिखाव्याचा. एका खोलीत सहा माणसे राहतात आणि छायाचित्र मात्र मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर, युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या इमारतींच्या ओळीसमोर काढतात. हे परक्या वैभवात उभे राहणे नव्हे काय? आक्षेप वरवर योग्य वाटतो, पण तो शहराचे स्वरूप विसरतो. ज्याच्या घरात सर्वांना एकत्र बसायला जागा नाही, त्याचा दिवाणखाना समुद्रकिनाराच असतो. तेथे तो रविवारी संध्याकाळी बसतो, मुलांना भेळ देतो, पाहुण्यांना फिरवून आणतो. त्या कठड्यावर काढलेले छायाचित्र ‘हे आमचे घर’ असे सांगत नाही. ‘येथे येण्याचा आमचाही हक्क आहे’ असे सांगते. या अर्थाने ते त्याच्या खोलीत काढलेल्या छायाचित्राइतकेच खरे आहे.

गेटवे ऑफ इंडियाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरले, त्या आगमनाचे स्मारक म्हणून ही कमान उभारली गेली. पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार ती १९२४ मध्ये पुरी झाली. ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीतून बाहेर पडली. राजाच्या स्वागतासाठी बांधलेल्या वास्तूसमोर आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे उभी राहतात आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला छायाचित्रकार तेथल्या तेथे छापून त्यांच्या हाती चित्र देतो. मोबाईल आल्यापासून त्याचा धंदा ओसरला असला तरी तो अजून उभा आहे. या कुटुंबांपैकी कोणी राजाचे स्मरण करत नाही. वास्तूचा अर्थ बदलण्याचे काम केवळ कायदे आणि भाषणे करत नाहीत. तिच्यासमोर निःशंकपणे उभी राहिलेली साधी माणसेही ते करतात. १९६५ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू याने घरगुती छायाचित्रणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. छायाचित्र हा कुटुंबाचे ऐक्य पुन्हा पक्के करणारा विधी आहे, असे त्याने दाखवून दिले. विधीला स्थळ लागतेच.

परंतु स्थळाला महत्त्व दिले की दुसरा पेच उभा राहतो, आणि तो प्रकाशाचा आहे. मरीन ड्राइव्ह, दादर, जुहू हे किनारे पश्चिमाभिमुख आहेत. कुटुंब येते ते संध्याकाळी, कामे आटोपल्यावर. समुद्र पाठीशी घेऊन ते उभे राहिले की मावळता सूर्यही पाठीशी येतो. आकाश उजळते आणि चेहरे काळवंडतात. चेहरे हवे असतील तर सकाळी यावे लागते, कारण तेव्हाचे ऊन शहराच्या बाजूने येते. म्हणजे एका क्षणी सूर्यास्त निवडावा लागतो किंवा माणूस. जाणते छायाचित्रकार यावर उपाय काढतात, ही गोष्ट वेगळी. सामान्य माणसाला निवड करावी लागते आणि पुष्कळदा तो सूर्यास्त निवडतो. वीस वर्षांनी त्या चित्रातला सूर्य इतर कोणत्याही सूर्यासारखा दिसतो आणि आजीचा चेहरा मात्र ओळखू येत नाही. जागेचे सौंदर्य माणसाला गिळून टाकते, तेव्हा निवड चुकलेली असते.

तिसरा पेच सर्वांत गंभीर आहे, कारण त्यात तिऱ्हाईताचा संबंध येतो. वरळीच्या किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यात रंगीत होड्या, वाळत घातलेली जाळी आणि बोंबील यांच्यासमोर चित्र फार शोभिवंत येते. पण ती जाळी कोणाचे तरी हत्यार आहे आणि ते अंगण कोणाचे तरी घर आहे. तेथे न विचारता उभे राहणारा माणूस दुसऱ्याच्या जगण्याचा पडदा करतो. याउलट दादरची चैत्यभूमी पाहावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी तेथे अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो अनुयायी तेथे येतात. दूरच्या खेड्यातून आलेले कुटुंब त्या भेटीची खूण म्हणून छायाचित्र काढते, तेव्हा ती जागा त्यांच्या मागे असूनही पार्श्वभूमी नसते. ते कुटुंब तिच्यासाठीच आलेले असते. ती त्यांची साक्षीदार असते. पडदा आणि साक्षीदार यांतील फरक जागेत नसतो, तिच्याशी जोडलेल्या नात्यात असतो. हाताला जाळे ओढण्याचे घट्टे असलेल्या कोळ्याने आपल्या होडीसमोर मुलाबाळांसह काढलेले चित्र आणि परक्याने तेथेच काढलेले चित्र, ही एकाच जागेची चित्रे असूनही नैतिकदृष्ट्या एक नव्हेत. परक्याने विचारावे, दोन शब्द बोलावे, मग उभे राहावे. एवढ्यानेही पुष्कळ अंतर कमी होते.

जागा कोणासाठी निवडली जाते, हेही पाहावे लागते. वांद्र्याच्या बँडस्टँडवरील खडक तरुणांना प्रिय आहेत. जानेवारी २०१६ मध्ये तेथे स्वतःचे छायाचित्र काढताना एक तरुणी समुद्रात पडून बुडाली आणि तिला वाचवण्यासाठी उडी घेतलेला माणूसही परत आला नाही. त्यानंतर पोलिसांनी शहरातल्या अशा धोक्याच्या जागा निश्चित केल्या. धोका बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. शेवाळलेल्या खडकावर आजोबा चढू शकत नाहीत. ते रस्त्यालगत बसून राहतात, चपला आणि पिशव्या सांभाळतात, आणि कुटुंबाच्या छायाचित्रात कुटुंबातला सर्वांत जुना माणूस नसतो. कोणी त्यांना मुद्दाम वगळलेले नसते. जागेने वगळलेले असते आणि जागा मुलांनी निवडलेली असते. अन्याय बहुधा असाच, कोणाच्या मनात नसताना घडतो.

फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ याने १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रविषयक पुस्तकात आपल्या आईच्या बालपणीच्या एका चित्राचे सविस्तर वर्णन केले आहे, पण ते चित्र छापलेले नाही. इतरांना त्यात एक मुलगी दिसेल, आई दिसणार नाही, हे त्याला ठाऊक होते. कौटुंबिक छायाचित्राचा खरा वाचक अजून यायचा असतो: कपाट आवरताना ते हाती लागलेला मुलगा किंवा नात. त्या वेळी चित्रातली काही माणसे नसतील आणि किनाराही तोच राहिलेला नसेल. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गाने वरळीपर्यंतची किनाऱ्याची रेषा पालटलीच आहे. त्या वाचकाला समुद्राचे सौंदर्य शोधायचे नसते. सगळे होते का, चेहरे दिसतात का, आणि ही माणसे तेथे पाहुण्यासारखी अदबीने उभी होती की मालकासारखी, एवढेच तो पाहणार असतो. म्हणून सर्वांना उभे राहता येईल, चेहऱ्यावर उजेड पडेल आणि ज्याची जागा आहे त्याच्याकडे नजर वर करून पाहता येईल, ती जागा योग्य. मग ती गिरगावची चौपाटी असो की चाळीच्या गच्चीवरून दिसणारी समुद्राची एक चिंधी.