तळाच्या सुरावरचा वाद

न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम १९७६ साली निघाला. त्याचं ध्वनिमिश्रण असं केलेलं आहे, की बेस गिटार डाव्या बाजूने ऐकू येते आणि गिटार उजव्या. हेडफोनची उजवी बाजू कानावरून बाजूला केली की गिटार गळून पडते आणि बेस वाजवणारा डी डी रामोन स्पष्ट ऐकू येतो. तो वाजवतो ते अगदी साधं आहे. प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर, आणि प्रत्येक आघात वरून खाली. गाणं संपेपर्यंत त्यात खंड पडत नाही.

पंकमधली सर्वांत थोर बेसलाइन कोणती, या वादाला चाहते बसले की पहिली ठिणगी इथेच पडते. एक जण म्हणतो, यात थोर काय आहे, चार दिवसांत कुणीही शिकेल. दुसरा म्हणतो, शिकेल खरा, पण त्या वेगाने आणि त्याच जोराने तासभर वाजवून दाखवू दे. तिसरा दोघांनाही गप्प करून रॅन्सिडच्या मॅट फ्रीमनचं नाव घेतो. १९९५च्या 'मॅक्सवेल मर्डर'मध्ये फ्रीमनने बेसवर चक्क एकल वादनाचा तुकडा घातला आहे आणि भल्याभल्या वादकांची बोटं तिथे अडखळतात. मग डेड केनेडीजच्या 'हॉलिडे इन कंबोडिया'ची सुरुवात निघते, स्ट्रँग्लर्सचं 'पीचेस' निघतं, आणि रात्र सरते.

वरवर पाहता हा छंदाचा वाद आहे. पण त्याच्या पोटात धर्म आणि तत्त्वज्ञान या दोन्हींच्या जुन्या ओळखीचा एक प्रश्न आहे. जिथे सगळे समान आहेत असं मानलं जातं, तिथे थोर कोण हे विचारता येतं का? पंकचा जन्मच उतरंडीच्या विरोधात झाला. सत्तरच्या दशकात रॉक संगीत दहा-दहा मिनिटांच्या वादनात, महागड्या यंत्रांत आणि प्रचंड स्टेडियममध्ये अडकलं होतं. त्याला उत्तर म्हणून इंग्लंडमधल्या चाहत्यांच्या एका हस्तपत्रिकेने तीन कॉर्डच्या आकृत्या छापल्या आणि वाचकांना सांगितलं की एवढ्या भांडवलावर बँड काढा. ज्या चळवळीचं प्रवेशद्वार इतकं रुंद, तिच्यात पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक लावणं हा विसंवाद वाटू शकतो.

महाराष्ट्राला हा विसंवाद परका नाही. वारीच्या वाटेवर लहानमोठा सगळे एकमेकांच्या पाया पडतात, टाळ ज्याच्या हाती तो गाऊ शकतो. तरी फडावरचे जाणते वारकरी अमुक मृदंगमणी कसा वाजवतो, अमुक विणेकऱ्याचा स्वर कसा लागतो, यावर मनापासून बोलतात. तुकोबांमागे उभे राहणारे चौदा टाळकरी परंपरेने नावानिशी जपले आहेत. त्यांतले संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. मागे उभं राहून साथ करणाऱ्याचा वाटा इथे दुय्यम मानलेला नाही. समतेचा आग्रह धरणारी परंपरा गुणांची पारख सोडून देत नाही, इतकं तरी या उदाहरणावरून दिसतं.

ही पारख मुंबईच्या आसपासच्या गावांतही दिसते. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही गावं लागतात. मिठागरांचा, शेतीचा आणि पुढे मासेमारीचा हा पट्टा. आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज इथे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत आले. इथल्या माणसाला खालचा सूर ऐकायला पंकने शिकवायची गरज नाही. ईस्ट इंडियन लग्नातला ब्रास बँड, भजनाच्या रात्रीचा मृदंग, गणपतीतला ढोल, या सगळ्यांत अंगाला आधी भिडतो तो तळाचा आवाज. मुंबई-ठाण्यात स्थिरावलेल्या कोकणी माणसांनी सोबत आणलेल्या डबलबारीत दोन बुवांचा सामना रंगतो तेव्हा चर्चा एकट्या बुवांच्या गळ्याची होत नाही. पखवाजावर कोण बसला होता, चकी कुणाच्या हातात होती, गजराला लय कुणी चढवली, हे घरी परततानाचे विषय असतात. मुंबईत द रायट पेडलर्स, द लाइटइयर्स एक्सप्लोड अशा बँडनी पंक वाजवलं. त्यांच्या श्रोत्याला बेसवर वाद घालताना पाहून डबलबारीच्या रसिकाला नवल वाटू नये. दोघं एकच काम करत आहेत.

ते काम नेमकं कोणतं, याचं सर्वांत काटेकोर उत्तर इमान्युएल कांटने १७९० साली दिलं. मराठीत ते नीट पोहोचलं रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' या १९७४च्या ग्रंथातून. कांट म्हणतो, एखादं पेय मला आवडतं असं म्हणताना माणूस फक्त स्वतःबद्दल बोलतो. दुसऱ्याला ते आवडलं नाही तर भांडण उरत नाही. पण 'हे सुंदर आहे' असं म्हणताच तो सगळ्यांच्या वतीने बोलू लागतो आणि सगळ्यांनी मान डोलवावी अशी अपेक्षा धरतो. अडचण अशी की हे सिद्ध करायला त्याच्यापाशी कोणताही नियम नसतो. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दाखवून देता येते, फुगाझी या बँडच्या 'वेटिंग रूम'ची थोरवी तशी दाखवता येत नाही. चाहत्यांचा आवाज चढतो तो या कोंडीमुळे. 'ज्याची त्याची आवड' म्हणून वाद मिटवणारा माणूस समजूतदार वाटतो, पण तो समोरच्याच्या दाव्याला आवडीच्या पातळीवर खाली ओढत असतो. समोरचा स्वतःबद्दल बोलत नसतो, गाण्याबद्दल बोलत असतो.

पुरावा नसेल तर हातात काय उरतं? डेव्हिड ह्यूमने १७५७ साली रुचीच्या कसोटीवर लिहिताना 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट वापरली. दोन जाणकार पिंपातली दारू चाखतात. एकाला तिला चामड्याचा वास येतो, दुसऱ्याला लोखंडाचा. लोक हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. ह्यूमच्या मते चांगल्या परीक्षकाला अशी सूक्ष्म जाण हवी. शिवाय सराव हवा, तुलना करण्याइतका अनुभव हवा आणि पूर्वग्रह बाजूला ठेवता यायला हवा. बेसलाइनच्या वादाला ही गोष्ट चपखल बसते, कारण इथेही ज्यावरून वाद आहे ते तळाशी असतं.

ते कानाला सहज सापडत नाही, याला भौतिक कारणंही आहेत. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतक्या खालच्या ध्वनीला माणसाचा कान मंद असतो आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून तर तो मूळ सूर जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरीही ऐकणाऱ्याला सूर कळतो. वरच्या उपस्वरांवरून मेंदू तळाचा गैरहजर स्वर स्वतः भरून काढतो. श्रोत्याचा यात असा प्रत्यक्ष वाटा असतो. कुणी तरी 'इथे गिटार सोड, खालचं ऐक' म्हणून बोट दाखवतं आणि शंभरदा ऐकलेलं गाणं पहिल्यांदा उघडतं. वादाचं मोल इथे आहे. सिद्धता देता येत नसली तरी दाखवता येतं, आणि ज्याला दाखवलं त्याच्या कानात त्यानंतर फरक पडतो.

दाखवण्यासाठी शब्द लागतात. ते बा. सी. मर्ढेकरांनी मराठीला देऊन ठेवले आहेत. 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५च्या ग्रंथात त्यांनी लयीची तीन तत्त्वं मांडली: संवाद, विरोध आणि समतोल. ती पंकला लावून पाहावीत. रामोन्समध्ये बेस गिटारच्या खांद्याला खांदा लावून धावते, तो संवाद. क्लॅश या बँडच्या 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन'मध्ये बेस रेगेच्या जड, थांबून थांबून टाकलेल्या पावलांनी चालते आणि गिटार वरून तुटक फटके मारते, तो विरोध. 'वेटिंग रूम'मध्ये जो लॅलीची बेस एकटी सुरू होते, सगळे येऊन मिळतात, मग अचानक सगळं थांबतं. काही क्षण पूर्ण शांतता, आणि पुन्हा तीच बेस. आवाज आणि थांबणं यांना तिथे सारखंच वजन आहे. मर्ढेकरांच्या भाषेत समतोल. या तिघांना एका रांगेत उभं करून क्रमांक लावणं अवघड का जातं, हेही मग उलगडतं. तिघं वेगवेगळ्या प्रकारे थोर आहेत.

समतेचा प्रश्न सगळ्यांत खोलवर नेला तो मिनिटमेन या बँडने. लॉस एंजेलिसच्या बंदराला लागून असलेल्या सॅन पेड्रो या कष्टकरी वस्तीतले डी. बून आणि माइक वॉट हे बालमित्र. मुलं असताना बेस हे वेगळं वाद्य आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. चार तारांची गिटार, एवढीच वॉटची समजूत होती. पुढे बूनने आपल्या गिटारचा आवाज मुद्दाम पातळ आणि वरच्या पट्टीत ठेवला, कारण गिटारने बेस आणि ड्रम्सवर स्वार व्हावं हे त्याच्या राजकीय विचारात बसत नव्हतं. त्यांच्या 'डबल निकल्स ऑन द डाइम' या १९८४च्या दुहेरी अल्बममध्ये वॉटची बेस मोकळी बोलते, कारण मित्राने जागा सोडली आहे. १९८५च्या डिसेंबरमध्ये व्हॅनच्या अपघातात बून गेला. वॉटची थोरवी मोजताना बूनने स्वतःला आवरलं त्याचं मोल कुणाच्या खात्यावर मांडायचं? श्रेष्ठतेची यादी एका वेळी एकच नाव मागते, आणि हे संगीत ते नाव सुटं करून देत नाही.

नावांचा घोळ इतरत्रही आहे. पंकचा सर्वांत प्रसिद्ध बेसवादक सिड व्हिशस. त्याच्या बँडचा, सेक्स पिस्टल्सचा, १९७७चा अल्बम ऐकताना कानावर पडणारी बेस बहुतेक ठिकाणी गिटारवादक स्टीव्ह जोन्सची आहे, आणि 'अ‍ॅनार्की इन द यूके'मध्ये आधीच्या ग्लेन मॅटलॉकची. क्लॅशच्या 'रॉक द कॅस्बा'ची बेस ड्रमर टॉपर हेडनने वाजवली, 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ची नॉर्मन वॉट-रॉय या पाहुण्या वादकाने. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे आणखी ठळक आहे. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं वादन कोट्यवधी लोकांच्या कानात आहे, नाव मात्र मोजक्यांच्या ओठावर. रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं छापण्याची रीतच नव्हती. चाहत्यांच्या वादातून अशी नावं वर येतात. हिरिरीने भांडणाऱ्यालाच आधी हे शोधावं लागतं की वाजवलं कुणी. ही न्यायाची गोष्ट आहे आणि ती कुठल्याही क्रमवारीपेक्षा मोठी आहे.

मग थोरवीची कसोटी ठेवायची तरी कोणती? पंकपुरती एक कसोटी टिकते: बेसची ओळ काढून घेतली तर गाणं उभं राहतं का? या कसोटीवर बोटांची चपळाई आपोआप मागे पडते आणि डी डी रामोन, जो लॅली, टेसा पॉलिट एका पंक्तीत येतात. पॉलिट ही स्लिट्स या मुलींच्या बँडची बेसवादक. वाद्य हाती घेऊन फार काळ झाला नव्हता तेव्हाच ती मंचावर उभी राहिली आणि १९७९च्या 'कट' या अल्बमला तिने रेगेचा तळ दिला. साधेपणा आणि गरज यांची सांगड घालणारी ही कसोटी पंकच्या समतेलाही धक्का लावत नाही.

पण एक गाणं हीही कसोटी अपुरी ठरवतं. क्लॅशच्या पॉल सिमोननला बँडमध्ये आला तेव्हा बेस वाजवता येत नव्हती. स्वर सापडावेत म्हणून त्याने वाद्याच्या पट्टीवर त्यांची नावं रंगवून ठेवली होती. दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात जमैकन शेजाऱ्यांचं रेगे ऐकत तो वाढला होता. १९७९च्या 'लंडन कॉलिंग'मध्ये 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' त्याने स्वतः लिहिलं आणि गायलंही. ११ वर्षांनी, १९९० साली, बीट्स इंटरनॅशनल या मंडळींनी त्याची बेसलाइन उचलून 'डब बी गुड टू मी' या सर्वस्वी वेगळ्या गाण्याखाली ठेवली. ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. सिमोननचा आवाज तिथे नव्हता, ब्रिक्स्टनचा संताप नव्हता, पंकही नव्हतं. क्लॅशचं नाव न ऐकलेली माणसं त्या चालीवर नाचली. आपल्या गाण्याला सोडून गेल्यावरही जी ओळ जिवंत राहते, ती त्या गाण्याला अत्यावश्यक असलेल्या ओळीहून थोर मानायची का? कांटने मागितलेली सर्वांची संमती तिने इतरांपेक्षा जास्त मिळवली, म्हणून या वादात पहिला मान सिमोननला द्यायला हरकत नसावी. माइक वॉटचे चाहते मात्र हे मान्य करणार नाहीत, आणि बूनच्या त्या पातळ ठेवलेल्या गिटारच्या रूपाने त्यांच्यापाशी खरं, वजनदार उत्तर आहे.