शिकारीची परवानगी आणि एका उम्मतीचे अस्तित्व



शरीअतने शिकार हलाल ठरवली आहे, मग जंगलातील प्राणी मारणे हा गुन्हा कसा, असा प्रश्न आपल्या विदर्भात अधूनमधून विचारला जातो. विचारणारा प्रत्येक जण वाद घालण्यासाठीच विचारतो असे नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, नवेगाव-नागझिरा अशा अरण्यांनी वेढलेल्या नागपुरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. म्हणून त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

प्रश्नाचा पूर्वार्ध खरा आहे. सूरह अल-माइदामध्ये इहराम उतरल्यानंतर शिकारीची मुभा स्पष्टपणे दिलेली आहे आणि फिक्हच्या मोठ्या ग्रंथांत शिकारीवर स्वतंत्र प्रकरण असते. परंतु त्या प्रकरणातील सारी चर्चा एकेका प्राण्याभोवती फिरते. त्याचे मांस खाण्यास योग्य आहे काय, बाण सोडताना अल्लाहचे नाव घेतले होते काय, शिकारी कुत्रा शिकवलेला होता काय, अशी ती चर्चा आहे. एखादी अख्खी प्राणिजात भूतलावरून पुसली जाईल, हा प्रसंग त्या फुकहांसमोर उभा राहिला नव्हता. आपल्यासमोर तो उभा आहे.

तो कसा उभा राहिला ते थोडक्यात पाहू. भारतातील शेवटचे तीन चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानात गोळ्या घालून मारले गेले असे मानले जाते आणि १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे घोषित झाले. (या इतिहासात आपलाही वाटा आहे. मोगल दरबारात शिकारीसाठी शेकडो चित्ते पाळले जात. चित्ता बंदिवासात क्वचितच वितो, म्हणून त्यातील जवळजवळ प्रत्येक जनावर रानातूनच पकडून आणलेले असे. बादशाही शान म्हणून ज्याचे कौतुक केले जाते, त्याची ही दुसरी बाजू आहे.) राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले, मध्य प्रदेशातील पन्नाची तीच गत २००९ मध्ये झाली. दोन्ही ठिकाणी पहारा होता, कायदा होता, नकाशावर जंगलही होते. नव्हते ते फक्त वाघ. महाराष्ट्रात मात्र २००६ च्या गणनेतील १०३ वाघ २०२२ मध्ये ४४४ झाले, ही अल्लाहची कृपा आणि अनेक वनरक्षकांच्या कष्टाचे फळ आहे. पण ४४४ हा आकडा किती छोटा आहे! आपल्या एखाद्या मोहल्ल्यातील मशिदीत जुम्याच्या नमाजला याहून अधिक माणसे असतात.

आता दिव्य कुरआनकडे वळू. सूरह अल-अनआमच्या ३८ व्या आयतीत पृथ्वीवर चालणाऱ्या प्राण्यांना आणि पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना 'उमम' म्हटले आहे, म्हणजे तुमच्यासारख्याच उम्मती. हा शब्द आपण किती सहज वाचून पुढे जातो! परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यातून प्रत्यक्ष नियम काढून दाखवला आहे. कुत्र्यांसंबंधीच्या एका हदीसचा आशय असा की, ती इतर उम्मतींप्रमाणे एक उम्मत नसती तर त्यांना मारून टाकण्याचा आदेश मी दिला असता. (अबू दाऊद, तिर्मिजी) थोडे थांबून विचार करा. येथे एका कुत्र्याविषयीचा हुकूम नाही. उपद्रवी जनावराला मारण्याची अनुमती अन्यत्र आहेच. येथे संपूर्ण जातीचा निःपात रोखला आहे, आणि त्यासाठी दिलेले कारण एवढेच आहे की ती उम्मत आहे. ती माणसाच्या उपयोगाची आहे, सुंदर आहे, पर्यटक खेचून आणते, यांपैकी एकही कारण दिलेले नाही. ज्याला निर्मात्याने उम्मत म्हणून उभे केले, त्याचा शेवट ठरवण्याचा अधिकार निर्मितीला नाही. हजरत नूह (अलै.) यांना प्रत्येक प्रकारातील जोडी नौकेत घेण्याचा आदेश झाला होता, हेही येथे आठवावे. प्रलयातही वंश राखला गेला.

यावर कोणी म्हणेल, मी तर बंदूक हातात धरलेली नाही. वाघाला मारणारा कोणी दुसराच असतो, हे खरे. पण अवैध शिकार एका हाताने होत नाही. उन्हाळ्यात पाणवठे आटले की वाघ कोठे येणार हे गावातील कोणीतरी सांगतो, कोणी लोखंडी सापळा पुरतो, कोणी कातडे वाहून नेतो, कोणी दूरच्या शहरात पैसे मोजतो. जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा परिसरात वाघांच्या शिकारीच्या प्रकरणात अटक झाली, तेव्हा तपासाचे धागे थेट ईशान्य भारतापर्यंत गेले. या साखळीतील प्रत्येक जण स्वतःला निर्दोष समजू शकतो.

याविषयी हजरत अबू कतादा (रजि.) यांचा प्रसंग मला फार बोलका वाटतो. प्रवासात सोबतचे सहाबा इहराममध्ये होते, ते स्वतः नव्हते. रानगाढव दिसले तेव्हा त्यांनी घोड्यावरूनच आपला चाबूक मागितला. सोबत्यांनी तो उचलून देण्यासही नकार दिला. ते स्वतः खाली उतरले, शिकार केली आणि सोबत्यांनी ती खाल्ली. मग मनात शंका आली आणि प्रकरण प्रेषितांपर्यंत (स.) गेले. त्यांनी विचारले ते हेच, की तुमच्यापैकी कोणी त्याला हल्ला करण्यास सांगितले होते काय, किंवा शिकारीकडे बोट दाखवले होते काय? नाही म्हटल्यावरच खाण्याची अनुमती मिळाली. (बुखारी, मुस्लिम) जेथे शिकार निषिद्ध आहे तेथे बोट दाखवणे हीदेखील कृती ठरते. मग पाणवठा दाखवून पैसे घेणाऱ्याचे काय? आणि नखासाठी आगाऊ रक्कम देणाऱ्याचे?

'पण आम्ही इहराममध्ये कोठे आहोत?' हा आक्षेप रास्त आहे. तरीही सूरह अल-माइदाची पहिलीच आयत पाहावी. इहराममधील शिकारबंदी तिच्यात आहे, आणि तिचा आरंभ करार पाळण्याच्या आज्ञेने होतो. आपण या देशाचे नागरिक म्हणून राहतो, हा एक करारच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांची शिकार, त्यांच्या अवयवांचा व्यापार आणि ते बाळगणेही गुन्हा ठरवले आहे. जो कायदा अल्लाहची अवज्ञा करण्यास सांगत नाही, उलट त्याच्या एका उम्मतीचे रक्षण करतो, तो मोडण्यासाठी शिकारीच्या सर्वसाधारण मुभेचा आधार घेता येत नाही.

जाणकार वाचक आणखी एक गोष्ट पुढे करतील. माणसावर धावणारे हिंस्र जनावर मारण्याची अनुमती हदीसमध्ये आहे. आहेच. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुले वा तेंदूपाने वेचायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात, त्यांच्या घरी जाऊन वाघाचे गुणगान करणे हा निर्दयपणा होईल. जीव वाचवण्यासाठी केलेला प्रतिकार वेगळा. पण हनफी फिक्हच्या 'हिदाया'तील भेद ध्यानात घ्या. इहराममधील माणसाने अंगावर आलेले श्वापद मारले तर त्याच्यावर भरपाई नाही. न आलेले मारले तर आहे. वाघ आहे म्हणून तो आपोआप वध्य ठरत नाही. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड परिसरात 'श्रीनिवास' हा तरुण वाघ शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारेने मेला. तो कोणावर चालून गेला नव्हता. शेतकऱ्याचे पीक रानडुकरे उद्ध्वस्त करतात, त्याचे दुःख खरे आहे आणि त्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. परंतु जिवंत तार डुक्कर, वाघ आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी यांत फरक करीत नाही.

शिकाऱ्यांच्या टोळ्यांची बातमी आली की एखाद्या भटक्या जमातीचे नाव सरसकट घेतले जाते, हेही येथे सांगितले पाहिजे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. एका माणसाच्या कृत्यासाठी संपूर्ण समाजाकडे बोट दाखवले जाते तेव्हा काय वाटते, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

खरी चाचपणी आपल्या घरात करायची आहे. मुलाला नजर लागू नये म्हणून गळ्यात बांधलेले वाघनख, गल्ल्यात बरकतीसाठी ठेवलेला खवले मांजराचा खवला, दिवाणखान्यातील कातडे. खवला आणि आपले नख एकाच पदार्थाचे, केराटिनचे बनलेले असतात. त्यात बरकत असती तर नखे कापून कोणी फेकली नसती. खवले मांजराची मादी साधारणपणे एका वेळी एकच पिल्लू देते, आणि धोका दिसताच हा गरीब जीव अंगाचा चेंडू करतो. सिंहासमोर ही युक्ती चालते. माणूस मात्र तो चेंडू उचलून पोत्यात टाकतो. बचावासाठी गंडे लटकवणे हा शिर्कचा प्रकार असल्याचे हदीसमध्ये आले आहे, आणि हिंस्र पशूंची कातडी अंथरण्यासही मनाई आहे. म्हणजे एका नखापायी माणूस तौहीदही गमावतो आणि एक जीवही घेतो.

आजोबांच्या काळापासून घरात असलेले नख विकून ती रक्कम सदका करावी काय, असेही काही जण विचारतात. विकू नये. विक्री हा कायद्याने गुन्हा आहे, आणि विकलेले प्रत्येक नख पुढच्या गिऱ्हाइकाची भूक वाढवते. मुलांनाही वारसा म्हणून देऊ नये. ते गळ्यातून काढावे, एखाद्या वकिलाला विचारून रीतसर अर्जासह वनखात्याच्या स्वाधीन करावे, आणि सदका आपल्या कमाईतून द्यावा.