मास्तरांची ठेव

मद्रासमध्ये गणिताचे एक मास्तर होते. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत. मुलांना शिकवण्यात त्यांचा जीव रमे. पण पगार तुटपुंजा होता आणि घर चालवायचे होते. तेवढ्यात मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची नवी जागा काढली. पगार बरा होता. सहकाऱ्यांनी आग्रह केला, तेव्हा मास्तरांनी अर्ज टाकला. ग्रंथपालाचे काम काय असते ते त्यांना ठाऊक नव्हते. मुलाखतीआधी विश्वकोशातला एक लेख वाचला, तेवढीच तयारी. निवड त्यांचीच झाली.

1924 च्या जानेवारीत ते रुजू झाले आणि आठवडाभरातच त्यांना करमेनासे झाले. समोर मुले नाहीत, फळा नाही, शंका विचारणारे कोणी नाही. कपाटे होती, पुस्तके होती आणि दिवसभराची शांतता होती. ती त्यांना सोसवेना. ते उठले आणि कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. मला परत घ्या, म्हणाले.

प्राचार्यांनी ऐकून घेतले. हे काम शिकण्यासाठी मास्तरांना लंडनला जायचे होते. आधी तिकडे जाऊन या, परत आल्यावरही मन रमले नाही तर जुनी जागा देऊ, असे वचन त्यांनी दिले. त्या वचनाच्या आधारावर मास्तर बोटीत बसले.

लंडनला ते शिकले, पण त्याहून जास्त हिंडले. एकामागून एक ग्रंथालये पाहिली. तिथे कामगार येत, बाया येत, लहान मुले येत. हातात पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसत. ग्रंथालय म्हणजे पुस्तके ठेवायची जागा, हा मास्तरांच्या मनातला समज तिथे गळून पडला. एकदा एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट. जोडणी बदलली की नवी वस्तू तयार. पुस्तकांचे विषयही असेच जोडता येतील, हे त्यांच्या गणिती डोक्यात तिथल्या तिथे चमकले. परतीच्या बोटीवर छोटे ग्रंथालय होते. मास्तरांनी आपली नवी पद्धत त्या पुस्तकांवर चालवून पाहिली.

1925 साली ते मद्रासला परतले. प्राचार्यांचे वचन तसेच होते. ते पाळून घ्यायला मास्तर गेलेच नाहीत.

त्यांनी कपाटे उघडली. वाचकाने आत यावे, हवे ते पुस्तक स्वतः काढून पाहावे, अशी व्यवस्था केली. आलेल्या माणसाला काय हवे ते विचारायला माणूस नेमला. आज हे साधे वाटते. त्या काळी पुस्तक हरवले नाही, फाटले नाही, म्हणजे ग्रंथपालाचे काम चोख झाले असे लोक समजत. मास्तर म्हणत, पुस्तक वाचकाच्या हातात गेले पाहिजे, त्याचसाठी ते असते. या विचारावर त्यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचे पुस्तक लिहिले, 1933 साली आपली वर्गीकरणाची पद्धत छापली. वीस वर्षे त्यांनी कामावरून रजा घेतली नाही, असे त्यांच्याविषयी सांगतात. घरी राहणी साधी. कपडे साधे. पैसा खर्च व्हायला वाटच नव्हती.

निवृत्तीनंतर ते काशीला गेले. तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात पुस्तकांचा ढीग विषयवार लावायचा राहिला होता. पन्नाशी उलटलेले मास्तर बसले आणि दोन वर्षांत जवळजवळ एक लाख पुस्तके आपल्या हातांनी लावून मोकळे झाले. मग दिल्लीला गेले, शिकवू लागले. तिथून परदेशात.

एवढ्या वर्षांत थोडे थोडे करून गाठीशी एक लाख रुपये जमले होते. त्या काळचे लाख रुपये. हयातभराची कमाई ती तेवढीच. त्यांनी ती उचलून मद्रास विद्यापीठाला दिली. अट एवढीच की त्यातून ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाची जागा चालावी. नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी पत्नीचे नाव पुढे केले. पदाचे नाव ठरले सारदा रंगनाथन अध्यासन.

हे मास्तर म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. 12 ऑगस्टला त्यांची जयंती आपल्याकडेही ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात, फोटोला हार घालतात. मला मात्र त्या दिवशी तो हार पाहताना ही ठेव आठवते. दुष्काळातही शेतकरी कणगीतले बियाणे दळत नाही. पोरे उपाशी झोपली तरी त्याला हात लावत नाही, कारण ते त्या वर्षाचे धान्य नसते, पुढच्या पावसाचे असते. अशा निधीचेही तसेच. मुद्दल तसेच ठेवायचे आणि त्याच्या व्याजावर काम चालवायचे. मास्तरांनी आपल्या श्रमाचे बियाणे केले आणि ते कुठे पेरायचे तेही स्वतःच निवडले.

ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्या आठवड्यात त्यांचा जीव गुदमरला होता, त्याच विद्यापीठात ते पेरले. समोर मुले नाहीत म्हणून जिथून ते उठून गेले होते, तिथे आता ग्रंथालयाचीच विद्या शिकवायला एक प्राध्यापक उभा राहणार होता, आणि त्याच्यासमोर मुले बसणार होती.