स्वामित्व, स्मृती आणि कर्तृत्व : आयुष्यभराच्या गाड्यांचा तत्त्वविचार

मालकीच्या वस्तू बदलत जातात आणि मालक मात्र तोच राहतो, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिचे समर्थन मागण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोकरीला लागलेल्या मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या बाबतीत ती त्याच्या गाड्यांच्या क्रमातून विशेष स्पष्टपणे व्यक्त होते. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळालेली बजाजची स्कूटर, मग कोणाकडून तरी जुनी घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळच गिअर असलेली प्रीमियर पद्मिनी, १९८३ च्या डिसेंबरात प्रथम ग्राहकांच्या हाती पडलेल्या मारुती ८०० ची पुढची एखादी आवृत्ती आणि निवृत्तीनंतर मुलाने घेऊन दिलेली गाडी, असा तो क्रम असतो. आणि त्यातील प्रत्येकीचा उल्लेख, ती विकून तीस वर्षे लोटली तरी, आमची गाडी असाच होतो. या उल्लेखाला आधार कशाचा, असे विचारले की वस्तूची एकता, वस्तूशी जोडणारे स्वामित्व आणि स्मरण करणाऱ्याची एकता असे तीन प्रश्न वेगळे होतात, आणि भारतीय दर्शनांनी व धर्मशास्त्राने या तिन्हींवर शतकानुशतके वाद घातलेला आहे.

पहिला प्रश्न वस्तूचा आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजेच मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. आपण रथातून आलो असे राजा सांगतो, तेव्हा नागसेन त्याला आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू किंवा लगाम म्हणजे रथ काय, असे एकेक विचारत जातो. राजा प्रत्येक वेळी नकार देतो, या सर्वांची बेरीज म्हणजे रथ हेही मानत नाही आणि यांच्याखेरीज वेगळा रथ आहे असेही म्हणू शकत नाही. शेवटी या अवयवांच्या आश्रयाने ‘रथ’ ही व्यवहारापुरती संज्ञा प्रवृत्त होते, हे राजाच कबूल करतो. बौद्ध परिभाषेत अशा संज्ञेला प्रज्ञप्ती म्हणतात. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून भिन्न असा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, खरोखरच असतो आणि तो समवाय या नित्य संबंधाने आपल्या अवयवांत राहतो. परंतु या वास्तववादाची किंमत त्यांनाही मोजावी लागते, कारण वस्त्रातून एक धागा निघाला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे ‘खंडपट’ उत्पन्न होते, असे वैशेषिकांना म्हणावे लागते. या हिशेबाने क्लच-प्लेट बदलून गॅरेजमधून परत आलेली गाडी काटेकोरपणे सकाळी नेऊन दिलेली गाडी ठरत नाही.

व्यवहाराला मात्र इतके काटेकोर राहून चालत नाही. मोटार वाहन कायद्याखाली वैयक्तिक वापराच्या गाडीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते आणि त्या काळात टायर, बॅटरी, रेडिएटर, प्रसंगी संपूर्ण इंजिनही बदलले जाऊ शकते. इंजिन बदलल्यास तशी नोंद आरसी बुकात करून घ्यावी लागते, इतकेच. गाडीची ओळख ठरते ती चासीवर ठोकलेल्या क्रमांकावरून, जो आजच्या गाड्यांत १७ अक्षरे व अंक मिळून बनलेला असतो. आरटीओच्या आवारात एजंटाचा माणूस बॉनेट उघडून आत वाकतो, पत्र्यावरची ग्रीस फडक्याने पुसतो, खोदलेल्या क्रमांकावर कागदाची पट्टी दाबून धरतो आणि पेन्सिलीचे शिसे आडवे घासू लागतो. काळ्या पट्ट्यातून एकेक अंक उमटत जातो आणि ती पट्टी अर्जाला चिकटवली की ही तीच गाडी असल्याचा पुरावा तयार होतो. नागसेनाचा सिद्धान्त येथे जवळजवळ सरकारी कार्यपद्धती बनलेला दिसतो, मात्र त्यात एक भर पडलेली आहे. ही संज्ञा कोणाच्या लहरीने दिलेली नाही. कर कोणी भरायचा आणि अपघात झाल्यास उत्तर कोणी द्यायचे, हे ठरवण्यासाठी ती जपली जाते. ओळख टिकवण्यामागे जबाबदारी टिकवण्याची गरज उभी आहे.

दुसरा प्रश्न स्वामित्वाचा, ज्याला शास्त्रात स्वत्व म्हणतात. कल्याणीच्या चालुक्य राजवटीत याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने स्वत्व हे केवळ शास्त्रावरून कळणारे नसून लौकिक आहे, असे प्रतिपादन केले. शास्त्राचा गंध नसलेले लोकही खरेदी-विक्री करतातच, हे त्याच्या युक्तिवादांपैकी एक. पुढे नव्यन्यायाचा धुरंधर पंडित रघुनाथ शिरोमणी याने तर वैशेषिकांच्या ठरलेल्या यादीत न बसणारा एक स्वतंत्र पदार्थ म्हणून स्वत्व मानले. या मतभेदांत एक गोष्ट समान आहे : स्वत्व कृतीने उत्पन्न होते आणि कृतीनेच संपते. खरेदीने व प्रतिग्रहाने ते येते, विक्रीने व दानाने ते जाते. दानाची शास्त्रीय व्याख्याच मुळी आपले स्वत्व निवृत्त करून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे अशी आहे. आजच्या व्यवहारात ही निवृत्ती नमुना २९ व नमुना ३० यांवरील सह्यांनी आणि नव्या नावाच्या नोंदीने पूर्ण होते. ती पूर्ण न झाल्यास काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या एका निकालावरून दिसते : गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात राहिली तरी नोंदणी ज्याच्या नावावर राहिली, त्यालाच अपघाताच्या भरपाईसाठी कायद्याने मालक धरले गेले. परंतु नाव रीतसर बदलून दिले असेल, तर विकलेल्या पद्मिनीत जुन्या मालकाचे स्वत्व कणभरही उरत नाही. तरीही ती त्याच्या यादीत राहते, तेव्हा तिला तेथे राखून ठेवणारी गोष्ट स्वत्वाहून वेगळी असली पाहिजे.

स्मृती हे त्याचे सुचण्याजोगे उत्तर, आणि येथे तिसरा प्रश्न सुरू होतो. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात बौद्धांच्या क्षणिकवादाचे, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणमात्रच टिकते या मताचे, खंडन करताना शंकराचार्य म्हणतात की अनुभव घेणारा आणि स्मरण करणारा एकच असला पाहिजे, कारण एकाने अनुभवलेले दुसऱ्याला आठवत नाही. त्यांचा पुढचा मुद्दा अधिक मार्मिक आहे. बाहेरच्या वस्तूविषयी ही तीच की तिच्यासारखी दुसरी असा संशय येऊ शकतो. ज्ञात्याला स्वतःविषयी मात्र मी तोच की माझ्यासारखा दुसरा, असा संशय कधीच येत नाही. सिग्नलला शेजारी येऊन थांबलेली फिकट निळी मारुती आपलीच जुनी आहे काय, या शंकेने माणूस तिच्या नंबरप्लेटकडे पाहतो. ती विकणारा मीच होतो काय, हे तपासायला तो कोणतीही पाटी शोधत नाही. बौद्धांचे उत्तर असे की स्मृतीसाठी टिकाऊ आत्म्याची गरज नाही. एका चित्तक्षणाने पुढच्या क्षणात ठेवलेला संस्कार प्रवाहातून वाहत येतो आणि योग्य निमित्त मिळताच स्मरण म्हणून प्रकट होतो; या प्रवाहाला ते संतान म्हणतात. संशय येत नाही एवढ्यावरून एकता सिद्ध होत नाही, तर प्रवाहात खंड पडला नाही इतकेच सिद्ध होते, अशी त्यांची बाजू मांडता येते.

हा वाद येथे निकालात निघण्यासारखा नाही, आणि प्रस्तुत प्रश्नासाठी तो निकालात काढण्याची गरजही नाही, कारण दोन्ही पक्ष एका ठिकाणी एकत्र येतात. नित्य आत्मा न मानणारा नागसेन चोरलेल्या आंब्यांचा दाखला देतो : मालकाने लावलेले आंबे वेगळे आणि मी तोडलेले वेगळे, अशी सबब चोराने सांगितली तरी तो शिक्षेतून सुटत नाही, कारण नंतरचे आंबे आधीच्यांतूनच आलेले असतात. म्हणजे द्रव्याची एकता नाकारूनही कर्माचे उत्तरदायित्व त्याने सोडलेले नाही. वेदान्तात व्यावहारिक पातळीवर कर्ता हाच भोक्ता असतो. ज्ञानाने संचित कर्म जळते असे मानणारा अद्वैतीही, ज्याचे फळ सुरू झाले ते प्रारब्ध भोगूनच संपते, असे म्हणतो. स्वत्व सहीने दुसऱ्याच्या नावे करता येते, पण कर्तृत्व तसे करता येत नाही. विकलेली गाडी यादीत राहते ती या कर्तृत्वामुळे : त्या गाडीने जे केले गेले ते नव्या मालकाकडे गेलेले नाही.

मात्र कर्तृत्वही एकट्याचे मानणे चुकीचे ठरेल. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि दैव, आणि केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला यथार्थ दृष्टी नाही, असेही तेथे म्हटले आहे. भर पावसात खंबाटकी घाट चढून घरी सुखरूप पोहोचलेल्या प्रवासात चालकाच्या कौशल्याबरोबर ब्रेक वेळेवर तपासून देणारा मेकॅनिक, रस्ता राखणारे मजूर आणि समोरून न आलेला ट्रक यांचाही वाटा असतो. खंडेनवमीच्या शस्त्रपूजेच्या परंपरेतून आलेली वाहनपूजा, जिच्यात दसऱ्याला धुतलेल्या गाडीच्या बॉनेटवर झेंडूचा हार चढतो आणि चाकाखाली लिंबू ठेवले जाते, ती या दृष्टीने समजून घेता येते. वर्षभर केलेल्या कामात साधनाचाही भाग होता, ही त्या पूजेतील कबुली. पुढच्या वर्षीच्या दैवाला तिच्यात केलेली विनंतीही आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. विषयांचे चिंतन करणाऱ्याला त्यांची आसक्ती जडते आणि आसक्तीतून अनर्थाची मालिका सुरू होते, असे गीतेनेच बजावले असताना, सोडून दिलेल्या वस्तू पुन्हा मनात घोळवणे हा अपरिग्रहाचा, म्हणजे संग्रह न करण्याच्या व्रताचा, भंग नव्हे काय? गाड्यांचे रंग, ॲव्हरेज आणि विक्रीला आलेली किंमत यांची उजळणी चालू असेल, तर आक्षेप पूर्णपणे लागू पडतो, कारण ती मनाने चालवलेली मालकीच असते आणि आरसी बुकातून नाव गेले तरी ती संपलेली नसते. परंतु स्मरणाचा विषय वस्तू नसून कृती असेल, तर त्याचे स्वरूप बदलते. मग प्रत्येक गाडीच्या नावापुढे रात्री शेजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवल्याची नोंद येते, तशीच जागा असूनही स्टँडवर उभ्या ओळखीच्या माणसाला पाहून न थांबल्याची, चालत जाण्याच्या अंतरासाठी जाळलेल्या पेट्रोलची आणि घाईत कोणाच्या सायकलला दिलेल्या धक्क्याचीही नोंद येते. अशी यादी आसक्ती वाढवत नाही, कारण तिच्यात अभिमानाला जितकी जागा आहे, त्याहून कमी जागा लाजेला नाही. आत्मा नित्य आहे की प्रवाहरूप, हे न ठरवताही ती प्रामाणिकपणे करता येते, आणि जुनी गाडी आमची होती असे म्हणण्याचा अधिकार या दुसऱ्या प्रकारच्या नोंदी स्वीकारणाऱ्यालाच पोहोचतो.