भिंतीवरचे केळे

एक पिकलेले केळे, चिकटपट्टीचा एक तुकडा आणि कोरी भिंत. एवढ्याच साहित्यातून इटलीचे कलावंत मॉरिजिओ कॅटेलान यांनी ‘कॉमेडियन’ ही कलाकृती घडविली आणि २०१९ साली मायामीच्या कलामेळ्यात ती १ लाख २० हजार डॉलर किमतीस विक्रीला ठेवली. विकत घेणाऱ्याला मिळते ते एक प्रमाणपत्र आणि केळे कसे लावावे याच्या सूचना. केळे कुजले की दुसरे आणावयाचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात तिची एक प्रत ६२ लाख डॉलरला, म्हणजे पन्नास कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेली. घेणाऱ्या धनिकाने हाँगकाँगमध्ये ते केळे सर्वांसमक्ष खाऊन टाकले.

केळीच्या वाड्यांत वाढलेल्या आम्हां वसईकरांना याचे हसू यावे की राग, हे प्रथम कळेना. लोंगर उतरविताना आमच्या वाडवडिलांचे खांदे झिजले. मग मनात आले, हा पैसा गोरगरिबांना दिला असता तर! पण, वाचकहो, हा विचार पुरता निर्मळ नाही. बेथानीच्या मरियेने प्रभूच्या चरणांवर मोलाचे सुगंधी तेल ओतले, तेव्हा तीनशे दिनारांचा हिशेब मांडून हाच आक्षेप यहूदाने घेतला होता, आणि प्रभूने मरियेचीच बाजू घेतली. तेव्हा केवळ खर्च झाला म्हणून कलेला दोषी ठरविता येत नाही. खेळकरपणाही पाप नव्हे. नीतिसूत्रांत तर ज्ञान परमेश्वरासमोर आनंदाने बागडते.

मग आमच्या मनाला सलते ते काय? लिलावाच्या दिवशी ते केळे जवळच्याच एका फळांच्या गाड्यावरून ३५ सेंटला घेतले होते. विकणारा बांगलादेशातून आलेला, सत्तरी ओलांडलेला मजूर. गाडाही त्याचा नव्हता, तो तासाच्या मजुरीवर उभा होता. आपल्या हातून गेलेल्या केळ्याची किंमत बातमीदाराकडून ऐकली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. साऱ्या जगाला हसू आणणाऱ्या त्या विनोदात त्याला जागाच नव्हती. मरियेच्या तेलापुढे एक व्यक्ती होती, आणि तिचे लक्ष त्या व्यक्तीवरून क्षणभरही ढळले नाही. येथे मात्र सर्वांची दृष्टी किमतीवर खिळली होती.

परंतु याच कलावंताचे दुसरे एक काम पाहिले की आमचा निवाडा थोडा नरमतो. २०२४ साली व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात व्हॅटिकनचे दालन ज्युडेका बेटावरील स्त्रियांच्या तुरुंगात होते. तेथील चॅपलच्या दर्शनी भिंतीवर कॅटेलान यांनी दोन प्रचंड, मळलेले तळपाय चितारले. आत कैदी भगिनीच पाहुण्यांना कलाकृती दाखवीत होत्या. २८ एप्रिल रोजी पोप फ्रान्सिस तेथे येऊन त्यांना भेटले. कल्पना तितकीच विचित्र, पण ती पाहणाऱ्याला तुरुंगाच्या दारातून माणसांपर्यंत घेऊन गेली.

म्हणून कलाकृती किती डॉलरला विकली गेली यापेक्षा ती आपल्याला कोणाकडे पाहावयास लावते, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आणि तो केवळ धनिकांना विचारून भागणार नाही. झगमगत्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, फुटपाथवर बसलेल्या म्हातारीशी केळ्यांच्या एका फणीसाठी पाच रुपयांची घासाघीस करतो. आणि ती फणी पिशवीत टाकून निघताना तिचा चेहरा कसा होता, हेही आपल्याला आठवत नाही.